मागे चालत गायचं गाणं

सोमवार, ४ मार्च

दादानं हेडफोन काढून गळ्यात अडकवला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "ही उशिरा येते." त्या क्षणी माझं जे काही बरं चाललं होतं ते संपलं.

ही म्हणजे तू.

मायना घातलेला नाही, कारण कुठला घालायचा ते ठरेना. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर बाबांनी विमा कंपनीला पाठवायचं पत्र वाटायला लागलं. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. ठेव. पोस्टमनला बंद करता येत नाही म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर सांभाळून घे. कॉलेज सोडल्यापासून सहीपलीकडे हातानं काही लिहिलेलं नाही.

कामाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं न वाचता फाडायचं असेल तर फाडता येईल. आपल्या बँडचा अल्बम होतोय. 'आपल्या' चुकून लिहिलं, राहू दे. नाव ठरलंय, 'पीळ'. सात गाणी. सहा आमची, आणि शेवटचं तुझं आणि काकूंचं, मागच्या वर्षी दोरांच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलेलं. त्याच्यावर आम्ही गिटार चढवलीय, लांबून येणारी बासरी आहे, खाली माझा ढोल आणि डबल पेडल. बारा मिनिटांचं झालंय. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "पायऱ्यांवरून पिंप गडगडतंय आणि खाली कुणीतरी बाई ओरडतेय, सावकाश, सावकाश." बाबांना आवडलं नाही म्हणजे चांगलं झालंय. गाण्यांच्या कंपनीवाल्यानं तर ते एकच गाणं ऐकून अल्बम घेतला.

आणि आता दादाला साक्षात्कार झाला की तू उशिरा येतेस.

"उशिरा म्हणजे?" मी विचारलं.

"क्लिकच्या ठोक्याच्या मागे. पहिल्या ओळीला ठीक आहे ती. पुढे घसरत जाते. शेवटी शेवटी तर चांगली ठोकाभर मागे."

"ती घसरत नाही. ती मागे चालतेय."

"काय?"

त्याला माहीत नव्हतं! वर्षभर त्या गाण्यावर गिटार वाजवतोय, मुलाखतीत 'आमची मुळं, आमची माती' करतोय, आणि ते गातात कसं हे त्यानं कधी विचारलं नाही. त्या दिवशी शेडमध्ये यायचं होतं तर साहेबांना सर्दी झाली होती. मग मी सगळं सांगितलं, बटणकाकांसमोर. (बटणकाका म्हणजे रेकॉर्डिंग करणारे. तू गेल्यावर आले. टेबलावर शेकडो बटणं आणि बोलताना सुद्धा एक हात त्यांच्यावरच.) सांगितलं की काकू, म्हणजे हिची आई, चाकाशी असतात. ही कमरेला तागाचा पुंजका बांधून चाकापासून मागे मागे चालते आणि बोटांतून दोर सोडत जाते. काकू एक ओळ घालतात, ती हाक. ही दुसरी ओळ देते, ते उत्तर. उत्तर आलं की धागा शाबूत आहे, फिरव चाक. उत्तर नाही आलं की चाक थांबव. आणि शेड एवढी लांब, की पार टोकाला गेलेलं माणूस बोटाएवढं दिसतं. आवाजाला तेवढं चालून यायला वेळ लागणारच ना? ही टोकाला पोचल्यावर सुद्धा उत्तर वेळेवर आलं, तर समजावं की उत्तर देणारं माणूस दुसरंच आहे.

बटणकाका म्हणाले, "पोरगं म्हणतंय ते बरोबर आहे. पण बरोबर असून काय करायचं?"

दादा म्हणाला, "ऐकणाऱ्याला शेड दिसत नाही. त्याला फक्त चूक ऐकू येते."

हे वाक्य त्यानं घरून तयार करून आणलं होतं, मी पैजेवर सांगतो.

तर त्याला तुझी प्रत्येक ओळ कापून पुढे सरकवायची आहे, काकूंच्या ओळीला चिकटवून, क्लिकवर. त्यासाठी तुझी परवानगी हवी. "तू लिही तिला. तुझं ऐकते ती," असं माझ्याकडे बघून म्हणाला. कुणी हसलं नाही, हे त्यांचं नशीब.

त्यानं सांगितलं तसं विचारलं. परवानगी देतेस का?

आता नाही म्हण.

काडेपेटी
(तू ठेवलेलं नाव आता सगळा स्टुडिओ वापरतो. याबद्दलही तुझे आभार मानायचे राहिलेत.)


मंगळवार, १२ मार्च

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. तरी रोज जिन्यात पोस्टाच्या पेटीत हात घालून बघतो. शेजारच्या आजोबांना वाटतं मला नोकरीचा कॉल यायचाय. परवा म्हणाले, "येईल रे, सरकारी कामाला वेळ लागतो."

काकूंकडे गेलो होतो. तू सांगितलं नाहीस म्हणून जायचं नाही असं काही नाही. जायचं कारणही होतं. दादाला तुझी परवानगी हवी आहे हे आठवलं, पण गाण्यात अर्ध्या ओळी काकूंच्या आहेत हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

जाताना शेडवरून गेलो. शेड नाही आता. आहे, पण पत्रे ठोकून तिचे कप्पे केलेत आणि एकेक भाड्यानं दिलाय. चाकाच्या टोकाला टायर. मध्ये गाद्या, छतापर्यंत गाद्या. तुझ्या टोकाला काय आहे ते दिसलं नाही, कारण इकडच्या टोकाकडून तिकडचं आता दिसतच नाही. दादा एकदा म्हणाला होता, नीट नाही आलं तर पुन्हा रेकॉर्ड करू. कर म्हणावं. गाद्यांमधून मागे चाल म्हणावं.

काकू दारातच होत्या.

"आलास? बस. त्या खुर्चीवर नको, ती नुसती दिसायला खुर्ची आहे. ये इकडे पलंगावर." मग वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "काय रे, कॉलेज सोडलंस ते सोडलंसच?"

"हो."

"आणि आता दिवसभर ढोल बडवतोस."

"हो."

"मग कॉलेजात काय करत होतास?"

"बाकं बडवत होतो."

"म्हणजे बढती झाली की!"

मी अल्बमचं सांगितलं. त्यांनी विचारलं की म्हणजे आवाज दुकानात मिळणार का. म्हटलं, दुकानात नाही, फोनवर. "कुणालाही?" कुणालाही. "परगावी सुद्धा?" परगावी काय, परदेशी सुद्धा. त्या उठून आरशाच्या समोरून गेल्या आणि जाता जाता केस सारखे केले. फक्त आवाज जाणार आहे, काकू, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं.

मग ज्याची मला भीती होती ते विचारलंच. "ती फोन करते का रे तुला?"

"करते ना."

"काय म्हणते?"

"कामात असते म्हणते."

"मलाही तेच म्हणते!" असं म्हणाल्या, आणि एवढ्या खूश झाल्या. तू माझ्याशी आणि त्यांच्याशी सारखंच वागतेस म्हणजे सगळं ठीक आहे असं त्यांना वाटलं असणार. मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी नाही. त्यांच्यासमोर माझा चेहरा पडू नये म्हणून बोललो. पण तुझ्या त्या लॅबमध्ये दिवसभर काचेच्या नळ्यांत दुसऱ्यांचं रक्त बघत असतेस, तर मधूनच एकदा स्वतःच्या रक्तालाही फोन लाव. एवढंच लिहायचं होतं.

परवानगी त्यांनी दिली. "गायलंय ते घ्या की, त्यात विचारायचं काय," म्हणाल्या. मी ती परवानगी गाण्याला दिली असं धरलंय. कापायला दिली असं नाही.

तुझं 'नाही' अजून यायचंय. बटणकाका थांबलेत. दादा थांबेलच असं नाही.


मंगळवार, १९ मार्च

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर औषधाच्या बाटलीवर लिहितात त्यालाही म्हणावं लागेल. तरी इथे उतरवून काढतो, म्हणजे तूच वाच तू काय लिहिलंस ते.

'दादांचा फोन आला होता. मी हो म्हटलंय. सरळ करा, वाकडं करा, मला विचारू नका. तुला त्या शेडमध्ये गाणं ऐकू येतं, मला माझी सोलवटलेली बोटं आठवतात आणि आईची कंबर. आणि कॉलेज माझ्यासाठी सोडलंस असं आईला सांगू नकोस. तू ते गणितासाठी सोडलंस.'

गणितासाठी!

बरं. गणितात दोनदा नापास झालो, मान्य. पण तिसऱ्यांदा बसायचं होतं त्या सकाळी मी कुठे होतो? बस स्टँडवर होतो. तुझी बस लागली होती आणि तू खिडकीत बसून फोनमध्ये बघत होतीस. मी खांबाशी उभा होतो. तू वर बघितलं असतंस तर दिसलो असतो. बस गेली, पेपर गेला. आता याला गणित म्हणायचं असेल तर म्हण.

आणि 'दादांचा' फोन आला होता! दादांचा उचलतेस. दोन आठवडे मी पोस्टाच्या पेटीत हात घालतोय, आणि त्यानं चहा पिता पिता नंबर फिरवला आणि काम झालं. मग मला लिहायला का सांगितलं होतं? मी विचारलं तर म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून." त्याला मी दादा म्हणायचो. शाळेपासून म्हणायचो. सख्खा भाऊ असता तर एवढं म्हटलं नसतं.

बोटांचं खरं आहे. बोटं मी बघितली आहेत. पट्ट्या गुंडाळून तू माईक तपासायचीस आणि 'एक दोन, एक दोन' करताना एक पट्टी सुटून माईकच्या जाळीत अडकायची. कमरेचंही खरं आहे. शेड बंद झाली ते काकूंच्या दृष्टीनं बरंच झालं, एवढं मला कळतं, मी काही दगड नाही. पण मग त्या दिवशी तू गायलीस ते काय होतं? कुणी जबरदस्ती केली होती? 'चल, आईला सांगते चाक लाव म्हणून,' असं तूच म्हणालीस. एक माईक काकूंच्या टोकाला होता. दुसरा मी हातात धरून तुझ्या बाजूनं मागे मागे चालत होतो, तोंड तुझ्याकडे, कारण दुसरीकडे बघायचं मला तेव्हाही जमत नव्हतं. आणि पाण्याची बादली मागे आली. मी आडवा. तू ओळ अर्धी सोडून हसलीस. तिकडे उत्तर पूर्ण पोचलं नाही म्हणून काकूंनी चाक थांबवलं आणि एवढ्या लांबून ओरडल्या, "तुटलं का गं?" तू ओरडलीस, "ढोल पडला!" आणि पुन्हा पुढे गायला लागलीस.

ते हसू टेपवर होतं. पडद्यावर बटणकाकांनी दाखवलं मला. आवाजाची रेघ जाते त्यात मधेच उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं, ते. दादा म्हणाला, "हा कचरा आहे." आणि पुसलं. माझ्यासमोर. तू 'हो' म्हणालीस त्यात हेही आलं, माहीत होतं तुला?

तू नाही म्हणायला हवं होतंस. पुढे लिहायचं नाही मला आज.


गुरुवार, २८ मार्च

मी हरलो. आनंद झाला असेल तर वाट करून दे त्याला.

झालं असं, की कापून जोडलेलं गाणं तयार झालं आणि मी ते फोनवर घेऊन काकूंकडे गेलो. हेतू चांगला नव्हता, सांगून टाकतो. त्यांना ऐकवायचं, त्या भडकतील, म्हणतील हे काय करून ठेवलंय माझ्या पोरीच्या गाण्याचं, मग त्यांना घेऊन स्टुडिओत जायचं आणि दादाच्या समोर उभं करायचं. मनात सगळं भांडण मी रचून ठेवलं होतं. त्याची उत्तरंसुद्धा मीच लिहिली होती, सगळी लुळी.

काकूंनी माझे हेडफोन घातले. त्यांना मोठे होतात, तर दोन्ही हातांनी धरून ठेवले. गिटार सुरू झाली तशा दचकल्या आणि हेडफोन न काढताच मोठ्यांदा म्हणाल्या, "हे काय, गाडी चालू झाली?" मग त्यांची हाक आली. स्वतःचा आवाज ऐकून ओशाळल्या. मग तू आलीस.

गाणं संपलं तरी हेडफोन धरलेलेच.

"परत लाव."

पुन्हा लावलं. मी वाट बघतोय भडकायची.

"किती जवळ आली रे," म्हणाल्या. "शेडमध्ये मला हिचा आवाज असा कधी आलाच नाही. लांबूनच यायचा. इथे तर मांडीवर डोकं ठेवून गातेय असं वाटतंय."

मी काय बोलणार होतो? काकू, हे खोटं आहे, ती तुमच्यापासून लांब होती, लांबच आहे, असं? त्यांच्या तोंडावर? मी भडक डोक्याचा आहे, नालायक नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो आणि म्हटलं, वाजवतो क्लिकवर. कारण माझा पहिला ढोल तुझ्या उत्तरांच्या मागे मागे वाजवलेला होता, कानानं, तू जशी लांब जाशील तशी जागा सोडत. सरळ केलेल्या गाण्याला तो जुळेना. सगळा पुसला आणि नव्यानं वाजवला. क्लिक कसा असतो तुला आठवतंय ना? कानाशी बसून कुणीतरी बोटं मोडतंय. सहा गाण्यांना मला त्याचं काही वाटलं नाही. त्या गाण्यांत धावायचंच असतं. सातव्याला प्रत्येक ठोक्याला वाटत होतं की कुणीतरी मानगूट धरून पुढे ढकलतंय.

दादानं खांद्यावर हात ठेवला. "शहाणा झालास."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता एक गोष्ट लिहितो आणि तिच्यावर काही उत्तर देऊ नकोस. नाहीतरी देत नाहीसच. सरळ केलेल्या गाण्यात तू गेलेलीच नाहीस. पहिल्या ओळीला जिथे आहेस तिथेच शेवटच्या ओळीलाही आहेस, हाताच्या अंतरावर. दादा, बटणकाका, काकू, कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मी ते रोज ऐकतो. रोज संताप येतो. संताप याचा येतो की ऐकायला आवडतं.

पुढच्या शनिवारी दुपारी सगळा अल्बम एकत्र ऐकायचाय. कंपनीवाला येणार आहे. काकूंना मी बोलावलंय. दादाला सांगितलं तर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "बघ बुवा, मोठ्यांदा लावणार आम्ही, त्रास नको व्हायला." मला वाटलं काळजीनं म्हणतोय.

तू येऊ नकोस. म्हणजे आलीस तर मी काही दारात उभा राहून अडवणार नाही.


रविवार, ७ एप्रिल

काकूंनी तुला काही सांगितलं नसेल. विचारलंस तर 'छान झालं' म्हणतील. म्हणून मी सांगतोय, आणि सगळं सांगतोय. हे तुझ्या हातात पडेल तोवर अल्बम कंपनीकडे गेलेला असेल. तुझ्याकडून मला काही नको. फक्त 'छान झालं' हे तुझ्या कानावर एकटं पोचू नये.

काल दुपारी मी त्यांना घ्यायला गेलो. इस्त्रीचे कपडे घालून दारात उभ्या होत्या, कुलूप हातात. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या. चपला दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं, "गाणं ऐकायला चाललेय. माझंच आहे." तो म्हणाला, "मग पैसे कोण कुणाला देणार?" एवढ्या हसल्या. रिक्षात बसेपर्यंत हसत होत्या.

स्टुडिओत दादानं त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं. पाणी दिलं. या बाबतीत तो कधी कमी पडत नाही. कंपनीवाला एका कडेला, बटणकाका खुर्चीत, पाठ आमच्याकडे. काल पाठच होती त्यांची, सबंध वेळ. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सहा गाणी झाली. काकूंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते आणि प्रत्येक गाणं संपल्यावर माझ्याकडे बघत होत्या, हे का? मी मान हलवत होतो, नाही, पुढचं.

मग सातवं लागलं. बासरी लांबून आली. माझा ढोल आला. काकू पुढे सरकून बसल्या. आणि जिथे त्यांची हाक यायची तिथे दादाचा आवाज आला. तो, घशातून खरवडून काढतो तो. शब्द तेच. ओळ तीच. काकूंची ओळ.

आणि तू त्याला उत्तर दिलंस. अगदी वेळेवर.

माझ्या अंगाची आग झाली, पण मला वाटलं पहिली ओळ दोघांना वाटून दिली असेल. काकूंनाही तसंच वाटलं असावं. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "आता माझं?" मी म्हटलं, "येईल." दुसरी हाक. दादा. तू. तिसरी. दादा. तू. काकूंच्या ओठांत ओळ तयार असायची, गाण्यात आली की आपण बरोबर म्हणायची म्हणून, आणि प्रत्येक वेळी त्या तोंड मिटून घ्यायच्या. बारा मिनिटं चालतं ते गाणं. बारा मिनिटं त्या वाट बघत बसल्या होत्या, आणि मी शेजारी बसून 'येईल, येईल' म्हणत होतो.

संपलं. कंपनीवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"छान झालं," काकू दादाला म्हणाल्या.

मी उठलो. "काकू कुठेत?"

"या काय, समोर बसल्यात." कंपनीवाला हसला. हसण्यासाठीच म्हटलं होतं ते.

"गाण्यात कुठेत?"

"अरे, मिक्समध्ये बसत नव्हत्या. आवाज जाड आहे, गिटारशी मारामारी करतो. काकू, राग मानू नका हं, आवाज चांगलाच आहे तुमचा, पण या संगीताला..." मग माझ्याकडे वळून, "आणि तिची परवानगी घेतलीय मी."

"तिनं तिच्या आवाजाची दिलीय. यांच्या आवाजाची तुला कुणी दिली?"

"मग विचारू की. काकू, तुमची हरकत आहे का?"

असं विचारलं त्यानं. सगळ्यांसमोर. कंपनीवाला बसलेला, पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात.

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "हरकत कसली. मी आहे असं वाटलं होतं मला, म्हणून आले. मी सांगून आलेय सगळ्यांना." आणि पदर नीट केला, जणू त्याचंच काही चुकलं होतं.

तू इथे असतीस तर काय केलं असतंस मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. 'मला विचारू नका' असं लिहिणाऱ्या माणसाचं काय सांगावं? तुझी बोटं सोलवटली, तुला शेड आठवायची नाही, ठीक आहे, नको आठवूस. पण तू एका फोनवर 'हो' म्हणून सुटलीस आणि त्या 'हो'च्या फटीतून त्यानं हात घालून तुझ्या आईला बाहेर काढलं. आता जगात कुठेही कुणीही ते गाणं लावलं की तू दादाला उत्तर देणार. प्रत्येक वेळी. मी हे कुणावर काढू, सांग? त्याच्यावर काढलं. अर्धं तुझं होतं.

मी म्हटलं, "काकूंना परत घाल."

"सोमवारी द्यायचंय. वेळ नाही."

"मग माझा ढोल काढ. सगळ्या गाण्यांवरचा."

मला वाटलं आता तोंड उतरेल त्याचं. अल्बमभर मी आहे. शाळेपासून त्याच्या मागे मीच वाजवतोय. बाबांशी अबोला, कॉलेजला रामराम, हाताला घट्टे, सगळं याच एका गोष्टीवर लावलेलं. ती मी टेबलावर ठेवली होती.

तो चिडलासुद्धा नाही. म्हणाला, "क्लिक आहे ना. क्लिकवर कुणीही वाजवेल, काडेपेटी."

आणि खरं होतं ते. माझा पहिला ढोल, तुझ्यामागे वाजवलेला, तो दुसऱ्या कुणाला जन्मात वाजवता आला नसता. तो मीच पुसला होता, शहाणा होऊन.

बटणकाकांच्या पाठीकडे बघून मी म्हटलं, "काका, काढा." पाठ हलली नाही. मग कंपनीवाला घड्याळ बघत म्हणाला, "दुसरा ड्रमर कधी मिळेल?" आणि दादा म्हणाला, "उद्या." माझ्यासमोर. मी अजून खोलीतच होतो.

"काकू, चला."

"अरे पण तुझं..."

"चला."

त्या उठल्या. उठताना दादाला म्हणाल्या, "येते हं." सवय असते माणसाला. मी त्यांना आधी बाहेर काढलं. पेडल तिथेच राहिलं, झांजा राहिल्या, काड्या राहिल्या. दारात वळून मी चांगलं तीन-चार वाक्यांचं काहीतरी बोलणार होतो, बरेच दिवस साठवलेलं. कंपनीवाला फोनवर बोलत होता आणि दादानं हेडफोन चढवला होता. कुणाला बोलू?

म्हणून दार आपटायला घेतलं. स्टुडिओचं दार कधी आपटून बघितलंयस? आपटत नाही. कडेनं जाड रबर, वर तो हवेचा दांडा. मी दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं, आणि ते आपल्या चालीनं, सावकाश, अजिबात घाई न करता यायला लागलं. काकू बोळात उभ्या राहून बघत होत्या. फट बोटभर राहिली होती तेव्हा आतून दादाचा आवाज आला, "पहिल्यापासून लावा." मी सगळं अंग मागे टाकलं आणि ओढलं. रबर चिकटलं. दार लागलं.